परवान्यावर माझं नाव

बैलगाडी वाडीच्या कवाडाशी उभी होती आणि आबा सुपारीला पाणी लावत होते. मी निघते आहे हे त्यांना ठाऊक होतं. रहाट थांबला होता, पाटातलं पाणी सरत आलं होतं, तरी ते फावड्यानं तोच एक बांध पुन्हा पुन्हा सारखा करत राहिले. मी पाया पडले तेव्हा वर न बघता म्हणाले, "यमू, वाडी बाईच्या हातानं चालते, नावानं न्हाय चालत. एवढं समजून घेतलं आसतंस तर जाया लागलं नसतं."

मी ते समजून घेतलं होतं, म्हणूनच निघाले होते.

तुमच्यातले काही जण नागावात मागं राहिलात आणि काही जण माझ्यासारखे खाडी ओलांडून गेलात. दोघांनाही हे सांगायला हवं, कारण गावात माझ्याबद्दल दोन गोष्टी चालतात. एक, की मी भांडून पळाले. दुसरी, की एका पारशानं मला ठेकेदार केलं. दोन्ही खोट्या आहेत.

मी आबांची एकुलती. लग्न झालं, दोन पावसाळ्यांत नवरा तापानं गेला, आणि मी माहेरी परत आले. आबांना मुलगा नव्हता, म्हणून सगळं मला शिकवलं. नारळाचं आळं किती रुंद काढायचं, मासळीचं खत खोडापासून किती लांब घालायचं, शेंड्यात शिरलेला भुंगा आकड्यानं कसा ओढायचा, आंब्याची कलमं कशी बांधायची. दहा-बारा वर्षं वाडी मी चालवली. मग एका सकाळी आबांनी पंचांना बोलावून वाडी चुलतभावाच्या, गणूदादाच्या नावावर केली. गणूदादा वाईट माणूस नव्हता. तो मला म्हणालाही, "तू हाय तशीच ऱ्हा, यमूताई. काम तूच बघ." मी म्हटलं, दुसऱ्याच्या वाडीत राबायचं असेल तर पगार घेऊन राबेन. सगळे हसले. त्यांना वाटलं मी रुसले आहे.

रेवसला बोटीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत लुगडी होती आणि कलम बांधायचा चाकू होता. शेजारच्या कोळणीनं विचारलं, मुंबईत कोण हाय तुझं? मावशी भायखळ्याला होती, पण मी म्हटलं, अजून कोणी नाही.

मावशीच्या ओळखीनं रुस्तमशेठच्या रोपवाटिकेत काम लागलं. ते बागांचे ठेके घेत. श्रीमंतांचे बंगले, सरकारी कचेऱ्यांची आवारं, समुद्राकाठचे नवे रस्ते. मला वाटलं होतं की झाडांचं मला कोण काय शिकवणार. पहिल्याच हंगामात माझी गुलाबांची अख्खी रांग कुजली. नागावच्या रेतीत पाणी घातलं की खाली निघून जातं. मुंबईच्या भरावावर ते तसंच उभं राहतं, आणि वर खारही चढतो. तिथं आधी खाली विटांचे तुकडे, मग मुरूम, मग माती, आणि पाण्याला बाहेर जायला वाट, एवढं केल्याशिवाय रोप लावायचंच नसतं. बाग ही झाडांच्या आधी जमिनीच्या उताराची असते हे मला तिथं कळलं. हिरवळीसाठी हरळीच्या मुळ्या कशा टोचायच्या, पावसाळा सरल्यावर गुलाब कुठल्या डोळ्यावर छाटायचा, कुठली वेल भिंत फोडते आणि कुठली नुसती धरून राहते, सगळं पहिल्यापासून शिकले. लॅटिन नावंही शिकले. मावशीला वाटायचं मी झोपेत मंत्र म्हणते.

रुस्तमशेठना दम्यानं घेरलं तेव्हा त्यांनी ठेके सोडायचं ठरवलं. गिऱ्हाइकं मला विचारू लागली. पण सरकारी काम घ्यायचं तर परवाना लागायचा, आणि परवान्यासाठी परीक्षा. मी अर्ज केला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी झाडांचं सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. मग त्यांनी मला मोकळ्या पटांगणावर नेलं आणि म्हणाले, इथं बाग करायची आहे, उतार कुणीकडे द्याल, भरायला माती किती लागेल, किती दिवसांत किती माणसं लावाल? मी नजरेनं सांगितलं. ते चुकलं, थोडंथोडकं नाही, निम्म्यानं चुकलं. साहेबांनी मला नापास केलं आणि ते बरोबरच केलं. त्या अंदाजावर ठेका घेतला असता तर मी बुडाले असते आणि बागही अर्धी राहिली असती.

रोपवाटिकेत परतून मी हे सांगितलं, तेव्हा रुस्तमशेठ दम खात पायरीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "बेन, माप वगर धंदो नथी." मापाशिवाय धंदा नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला खुंट्या, दोरी आणि उतार बघायची पाणसळ दिली. वर्षभर मी मोजत होते. लांबी, रुंदी, खोली, मातीची गाडी, माणसाचा दिवस. रोपवाटिकेतले माळी म्हणायचे, ही बाई आता ताटातला भातही मोजेल. मोजत होते, खरंच. पुढच्या परीक्षेत त्याच पटांगणावर साहेबांनी तोच प्रश्न केला, आणि मी पाणसळ लावून खुंट्या ठोकेपर्यंत ते उन्हात उभे राहिले. पास झाले.

खरी अडचण त्यानंतर आली. कचेरीतले कारकून म्हणाले की परवाना बाईच्या नावानं आजवर निघालेला नाही, घरातल्या एखाद्या पुरुषाच्या नावानं काढा, काम तुम्ही बघा. तेच शब्द. मावशीनं घाबरून गावी निरोप धाडला आणि चार दिवसांत गणूदादा नवं धोतर नेसून हजर झाला. आबांनीच त्याला पाठवलं होतं. सही गणूची होऊ दे, मग माझा आशीर्वाद हाय, असा त्यांचा निरोप.

त्या सकाळी आम्ही दोघं साहेबांच्या टेबलापुढं उभे होतो. कारकुनानं कागद गणूदादापुढं सरकवला. रागानं माझे कान तापले होते, पण मी आवाज चढवला नाही. साहेबांना विचारलं, "ठेक्यात अट असते की लावलेलं झाड वर्षाच्या आत मेलं तर ठेकेदारानं दुसरं लावून द्यायचं. माझ्या हातचं झाड मेलं तर तुम्ही कोणाला धरणार?"

साहेब म्हणाले, "ज्याच्या नावानं परवाना, त्याला."

मी गणूदादाकडे वळले. "दादा, तू धरून घेशील?"

गणूदादानं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "न्हाय बा," तो म्हणाला. "मला ह्यातलं काय कळतं? झाड तिचं, मरण तिचं, तर सही पण तिचीच होऊ दे." आणि तो दोन पावलं मागं सरला. त्या वेळी तो भ्यायला होता की माझ्या बाजूनं बोलला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. साहेबांनी कारकुनाला गणूदादाचं नाव खोडून माझं लिहायला सांगितलं. यमुना, वडिलांचं नाव, नागाव. नवऱ्याच्या गावाचंही नाव मी घालू दिलं नाही.

नंतर किहीमला एका शेठचा बंगला उभा राहिला आणि त्याच्या बागेचा ठेका मला मिळाला. वाढलेले नारळ उचलून बंगल्यापुढं लावायचे होते. आम्ही मुळाभोवतीची माती गोणपाटात बांधली, झावळ्या वर आवळल्या, आणि बैलांनी एकेक माड ओढत आणला. नागाव तिथून लांब नाही. एका दुपारी आबा आले. किती म्हातारे झाले होते ते मला चालीवरून कळलं. काठी टेकत प्रत्येक माडाशी थांबले, मातीचा गोळा दाबून पाहिला. माझ्या माणसांना वाटलं शेठनं कोणी तपासनीस पाठवला.

आम्ही सावलीत भाकरी आणि सुकट खाल्ली. त्यांनी माडांबद्दल चांगलं-वाईट काही म्हटलं नाही. समोरच्या हिरवळीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "गुरं न्हाईत, मग एवढं गवत कशाला?" मी म्हटलं, बघायला. त्यांना हसू आलं, मग मलाही. उठताना म्हणाले, "गणूनं मागची खोली रिकामी ठेवलीया. कवा येतीस?" मी सांगितलं, येईन, पण राहायला नाही. वाडी देताना चुकलं असं ते कधीच म्हणाले नाहीत, आणि मीही ते त्यांच्याकडून ऐकायचा हट्ट धरला नाही. दोन माड मेले. मी दुसरे लावून दिले. बाकीचे उभे आहेत, किहीमला गेलात तर बघा. आबा पुढच्या शिमग्याआधी गेले.

आता मला विचारतात, घर कुठं? भायखळ्याची खोली भाड्याची आहे. मालकानं सांगितलं तर सोडावी लागेल. वाडीतली खोली गणूदादाची आहे, आणि तो चांगला आहे म्हणून ती माझी होत नाही. पण बोट रेवसला लागली, पाय रेतीत गेला, की कुठं गोडं पाणी लागेल आणि कुठं खारं, ते मला आजही खोदल्याशिवाय सांगता येतं. ते कुठल्या पंचांसमोर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. माझं घर तेवढं आहे आणि मला ते कमी वाटत नाही.

गावातल्या कुणा मुलीला हे काम शिकायचं असेल तर तिनं यावं. आधी मोजायला शिकवीन, झाडं नंतर. परवाना कसा काढायचा तेही शिकवीन. परवानगी कशी मागायची, ते मात्र तिनं दुसरीकडे शिकावं.