मामांची हरकत

वर्धा जिल्ह्यात हरकत घ्यायला माझ्या मामांइतका तयार माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या असण्यालाही मामा हरकत घेतील. मामा देवळीचे वकील. मी त्यांचा भाचा आणि सनद मिळाल्यापासून त्यांचा ज्युनिअर, त्यामुळे हे काही ऐकीव सांगत नाही. आमच्याकडे कोर्टात एकाने अर्ज दिला की न्यायाधीश साहेब तो दुसऱ्या बाजूच्या वकिलाकडे पाठवतात, आणि त्याने आपलं म्हणणं त्याच कागदावर लिहायचं असतं. त्याला सगळे ‘से’ म्हणतात. बाकीचे वकील अर्ज वाचून से लिहितात. मामांचा से अर्ज यायच्या आधीच तयार असायचा: ‘सदर अर्ज खोटा, बनावट व केवळ कालहरणासाठी रचलेला असून खर्चासह फेटाळावा.’ पेन टेकवायचा अवकाश, वाक्य आपोआप खाली उतरायचं. मुदतीच्या अर्जाला मात्र त्यांची कधीच ना नसायची. समोरच्या वकिलाला ताप असो, घरी लग्न असो की बस चुकलेली असो, मामा कागद मांडीवर घेऊन ‘हरकत नाही’ लिहून मोकळे. “आज त्याले अडचण आहे, उद्या मले येईन,” असं म्हणायचे.

घरीही कोर्टच भरलेलं. एकदा शेजारचे गुरुजी शिडी मागायला आले, तर मामांनी त्यांना ओट्यावर बसवून रीतसर अर्ज लिहायला लावला आणि से द्यायला मामीला बोलावलं. “द्या ना बाप्पा ते शिडी, माणूस कवाचा बसून आहे,” मामी म्हणाली. मामांनी ते शब्दशः लिहून घेतलं आणि मग शिडी मंजूर केली. तोवर गुरुजींच्या गच्चीवरची टाकी वाहून अंगणात तळं झालं होतं. घरात आलेल्या प्रत्येक कागदावर निशाणी क्रमांक पडायचा, मग दाभणाने भोक पाडून तो लाल दोऱ्यात ओवला जायचा. वीजबिल, लग्नपत्रिका, रेशनकार्ड, कुणाचीच सुटका नव्हती. माझ्या जन्मपत्रिकेलाही भोक आहे आणि ते नेमकं गुरूच्या घरात आहे. माझं काही बिनसलं की मामी ग्रहांना नाही, मामांना बोलते.

अशा माणसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ऑपरेशन सांगितलं. मामी तारीख ठरवून यायची आणि मामा मुदत मागायचे. आधी सोयाबीन निघायचं होतं, मग थंडी फार होती, मग ऊन फार झालं. एकदा तर त्यांनी डॉक्टरांनाच लेखी कळवलं की अर्जदारास सर्दी झाली असल्याने पुढील तारीख मिळावी. मामीने त्या कागदावर ‘हरकत आहे’ असं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं की ते मामांनाही दिसलं असेल. “ऑपरेशनले मी भेतो काय?” ते मला म्हणायचे. “पन वकिलाचे डोये गेले असं एकदा बाजारात झालं, का पक्षकार चालला दुसऱ्याच्या ओट्यावर.” खरं सांगायचं तर दोन्हींना भीत होते. कोर्टात कागद नाकाला लावून वाचायचे, आणि कुणी विचारलंच तर सांगायचे की खोटा कागद वासावरूनच ओळखू येतो.

नाचणगावची एक भाजीवाली मावशी मामांची पक्षकार होती. वांगी, पालक आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पिकवायची आणि पुलगावच्या बाजारात विकायची. तिच्या शेताची वाट शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जायची आणि शेजाऱ्याला तिथे तार ठोकायची होती. निकाल लागेपर्यंत वाट अडवायची नाही, असा मनाई हुकूम मामांनी मिळवून दिला होता, म्हणून मावशीचा बाजार चालू होता. एका पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, शेजाऱ्याच्या वकिलाने तो हुकूम उठवायचा अर्ज दिला. याच वकिलाच्या मुलीचं लग्न ठरलेलं, तेव्हा दुसऱ्या एका प्रकरणात त्यांनी मुदतही मागितली. दोन्ही अर्ज एकदमच मामांच्या हाती आले. मामांनी ऐटीत दोन्हींवर से लिहिले आणि पुढे सरकवले.

साहेबांनी आधी मुदतीचा अर्ज घेतला. से वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. “वकीलसाहेब, यांच्या मुलीचं लग्न खोटं, बनावट व केवळ कालहरणासाठी रचलेलं आहे, असं तुमचं म्हणणं आहे?”

समोरचे वकील उभे राहिले. “भाऊ, तुमी तं साखरपुड्यात दोनदा जिलेबी घेतली!”

सगळं कोर्ट हसलं, मामाही हसले. मग साहेबांनी दुसरा कागद उचलला. “आणि रस्त्याचा मनाई हुकूम उठवायला तुमची हरकत नाही?”

हसणं थांबलं. मागच्या बाकावरून मावशी उठली. “म्हंजे मी आता बाजारात जाऊ नोको काय, वकीलसाहेब?”

मामांनी से चुकून लिहिला असल्याचं सांगितलं. साहेब म्हणाले, “चूक कशी झाली ते लेखी द्या. जेवणाच्या सुट्टीनंतर आदेश करतो.” हुकूम उठला असता तर संध्याकाळपर्यंत तार ठोकली गेली असती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

बाररूममध्ये मी म्हणालो, “मामा, से मीच लिहिला असं सांगू. ज्युनिअरची चूक म्हणून साहेब मान्य करतील.”

“तुह्यी काऊन? तुले तं दिसते,” मामा म्हणाले आणि सांगू लागले, “लिही. अर्जदार वकिलास गेल्या दोन वर्षांपासून नीट दिसत नाही.” माझं पेन थांबलं. “काऊन थांबला? मावशीचा रस्ता जाऊन राह्यला.”

त्यांनी सही केली, ती निम्मी टेबलावर गेली. सुट्टीनंतर भरल्या कोर्टात तो अर्ज त्यांनी स्वतःच म्हणून दाखवला, कागदाकडे न पाहता. “चूक माह्यी आहे साहेब, बाईची नाई.” असा ताठ उभा असलेला माणूस मी कोर्टात दुसरा पाहिलेला नाही. समोरच्या वकिलाने अर्ज घेतला, ‘हरकत नाही’ लिहिलं आणि मामांच्या कोपराला धरून त्यांना खुर्चीपर्यंत आणलं. चुकीचा से मागे घेतला गेला, पुढे युक्तिवाद झाला आणि मनाई हुकूम कायम राहिला. बाहेर पडताना मावशी मामांना म्हणाली, “अगोदर सांगतलं असतं तं मीच वाचून देल्लं असतं. चौथी शिकेल आहो ना मी.”

ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात झालं आणि काही दिवसांनी दुसऱ्या डोळ्याचंही. एकही पक्षकार कुठे गेला नाही. दुसरी पट्टी निघाल्यावर मी त्यांना घरी घेऊन आलो. मामी पाण्याचा गिलास घेऊन समोर आली, आणि गिलास हातात घ्यायचा सोडून मामा तिच्याकडे पाहतच राहिले.

“तू एवढी वाळली कवा?”

“तुमचा मोतीबिंदू अन् माह्यी शुगर संगच आली.”

“मले सांगतलं नाई?”

“सांगतलं होतं. तुमी पेशीच्या घाईत होते,” मामी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला तिथे उभं राहवेना.

मामा अजून कोर्टात जातात, जोरात हरकती घेतात. पण दुपारी कामं माझ्यावर टाकून घरी निघतात आणि मामी भाजी चिरत असते तिथे, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसतात. पेपर वाचत नाहीत, बोलतही नाहीत. परवा मी सह्या घ्यायला गेलो तेव्हा विचारलं, “मामा, एवढं काय पाहता?”

“दोन वर्साचं पाह्यचं राह्यलं आहे,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.