मागच्या शिवणीतले कापड

“सून आली नि पोराची कंबर गेली. लग्नाआधी वेताची काठी होता. आता दरवाज्यातून आडवा जातो. तिच्या हाताला तेलाचा अंदाज नाय, बाकी काय नाय.”

माझ्या थोरल्या बहिणीचे हे विधान माकुणसारपासून उमरोळीपर्यंतच्या आमच्या साऱ्या गोतावळ्यात मान्य झाले आहे. मला ते मान्य नाही. चाळीस वर्षे मी बोईसरला शिंपीकाम केले. त्यातली बरीचशी तारापूरच्या कारखान्यांतल्या कामगारांचे गणवेश शिवण्यात गेली. माणसाच्या कमरेविषयी अधिकाराने बोलू शकेल असा आमच्या घरात एकच माणूस आहे आणि तो मी आहे.

प्रसंग असा घडला. माझा मुलगा एका रसायनांच्या कारखान्यात आहे. टाक्यांवर चढून झडपा तपासणे हे त्याचे काम. यंदाच्या वार्षिक तपासणीत त्याची साखर वाढलेली निघाली, आणि वजन उतरल्याखेरीज शिडी चढायची नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिले. बहीण विचारपूस करायला आली आणि जेवायला बसल्यावर, सून वाढत असताना, तिने वर लिहिलेले वाक्य उच्चारले. सुनेने आमटीची वाटी खाली ठेवली आणि ती आत गेली. त्या दिवसापासून ती तेल चहाच्या चमच्याने मोजून घालते आणि आमच्याबरोबर जेवायला बसत नाही.

मी दुकान टाकले तेव्हा अडतीस कमरेचा माणूस माप द्यायला आला की तो व्यापारी असणार, हे टेप सोडण्याआधीच कळत असे. त्या मापाचा फर्मा, म्हणजे कापड बेतायचा पुठ्ठा, मी सर्वांत वरच्या फळीवर ठेवला होता. दुकान बंद केले तेव्हा तोच फर्मा हाताशी होता आणि तीस कमरेचा फर्मा धुळीत पडला होता. अडतीसवाले आता व्यापारी नव्हते; यंत्रावरचे, गोदामातले, फाटकावरचे लोक होते. विदर्भातले शाकाहारी होते, किनाऱ्यावरचे मासे खाणारे होते, हिंदीत माप सांगणारेही होते. जव्हारकडचा एक माणूस पहारेकऱ्याच्या कामाला लागला, तेव्हा तो इतका किडकिडीत होता, की त्याच्या पँटला मला कमरेत चुण्या घालाव्या लागल्या होत्या. खुर्चीवर बारा तास बसण्याचे ते काम. दोन वर्षांत त्याचा पट्टा शेवटच्या भोकावर आला. एवढ्या सगळ्यांच्या घरी माझीच सून स्वयंपाकाला जात होती काय?

मुलाचे सांगतो. नोकरी लागली तेव्हा तो उमरोळीहून सायकलने जात असे. पुढे रस्त्यावर ट्रेलर वाढले, आमच्याच आळीतल्या एकाला धक्का लागला, आणि मुलाने कंपनीची बस धरली. बस दाराजवळून उचलते आणि कारखान्याच्या दारात सोडते. यालाच आम्ही प्रगती म्हणालो. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. एका आठवड्यात तो पहाटे जेवण्याइतका नाश्ता करतो, दुसऱ्यात दुपारी जेवून कामावर जातो, तिसऱ्यात रात्रपाळी करून सकाळी घरी येऊन पोटभर जेवून पडद्याआड झोपतो. झोप चार तासांची, कारण शेजारी पत्रे कापण्याचे वर्कशॉप आहे. जागे राहण्यासाठी गोड चहा, चहाबरोबर वडा किंवा बिस्किटांचा पुडा. पूर्वी ही मंडळी सुटीच्या दिवशी ज्या मैदानात खेळत, तिथे आता गोदाम आहे. खादाडपणा यात कुठे आहे, हे मला कोणी दाखवून द्यावे. डॉक्टर दोन मिनिटांत म्हणाले, “जिभेवर ताबा ठेवा.” पाळीवर कोणी ताबा ठेवायचा, हे त्यांनी सांगितले नाही.

हे सारे मी बहिणीला तिच्या ओटीवर बसून ऐकवले.

“ताई, लग्नाला वर्ष झाले तेव्हा त्याच्या पाठीवर थाप मारून तूच म्हणालीस, ‘लग्न मानवलं हो!’”

“तवा थोडा भरला होता. थोडा शोभतो.”

“आणि तुझ्या पोलक्याच्या बाह्या गेल्या वर्षी मी सैल केल्या, त्या? तुला कोणत्या सुनेने खाऊ घातले?”

“मला थायरॉईड हाय!”

“वा! तुला आजार, आणि त्याला बायको.”

“तू शिंपी हायस, डाक्टर नाय. कापड काप, अक्कल नको कापू.”

मी उठून आलो. माघार घेतली असे तिने नंतर सर्वत्र सांगितले, तेही खोटे आहे. मला फक्त बस गाठायची होती.

माझा दोष मी लपवत नाही. तो इतरांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या हातचा असावा, म्हणून लिहितो. चांगला शिंपी पँटच्या मागच्या शिवणीत दोन इंच कापड दडवून ठेवतो, म्हणजे अंग वाढले तरी पँट टाकावी लागत नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. मुलाची पँट आवळू लागली की तो ती माझ्या मशीनवर टाकून झोपायला जाई. मी कंबर उसवून शिवण बाहेर घेई, इस्त्री करी आणि खुंटीला लावून ठेवी. त्याने कधी विचारले नाही, मी कधी बोललो नाही. तयार पँट विकत घेणाऱ्याला बटण लागेनासे झाले की कळते. इथे दडवलेले कापड संपले की मी नवी पँट वाढत्या मापाचीच शिवी, आणि माझ्या मुलाचे बटण वर्षानुवर्षे लागत राहिले. माझ्या हाताच्या सफाईने त्याच्यापासून त्याचेच शरीर लपवले. असा बाप शिंप्याच्याच घरात असू शकतो. पण हा दोष माझा आहे, सुनेचा नव्हे, आणि तो वाटून घ्यायला मी तयार नाही.

गेल्या रविवारी तिने पिशवी भरली. मुलगा कामावर होता. मी मशीनला तेल घालत होतो.

“बाबा, मी महिनाभर माहेरी जाते.”

“कशासाठी?”

“मी नसताना त्यांचं वजन उतरलं, तर आत्यांचं खरं. मग मी काय ते समजेन.”

“आणि नाही उतरले तर?”

“तर आत्या म्हणतील, नवऱ्याला आजारी टाकून गेली.”

ती हसण्याचा प्रयत्न करीत होती. दोन्हीकडून दोष तिच्याच पदरात पडणार होता, हे तिला माझ्याआधी कळले होते. ती गेली तर आमच्या लोकांच्या दृष्टीने निकाल लागला, आणि असा निकाल पुढे बाईच्या जन्माला पुरतो. मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणालो, “हा प्रयोग करण्याची गरज नाही. तो होऊन गेला आहे.” तिला आठवेना. माणसाला स्वतःच्या बाजूचा पुरावा सहसा आठवत नाही. मी तिच्यादेखत बहिणीला फोन लावला आणि जे सांगितले तेच इथे लिहून ठेवतो, म्हणजे माझ्या माघारी कोणी त्यात आपले मिसळणार नाही. तीन वर्षांपूर्वी सुनेच्या आईचा खुबा मोडला, तेव्हा सून चार महिने माहेरी, विक्रमगडला होती. त्या चार महिन्यांत तिने या घरात एक भाकरी थापली नाही, आणि त्याच चार महिन्यांत मी माझ्या मुलाच्या पँटची कंबर दोनदा उसवून वाढवली.