दार नसलेल्या दरवाजाची आगळ

असे अनुभव मी आजवर निरीक्षणातली चूक म्हणून बाजूला सारत आले. मी पदार्थविज्ञान शिकलेली. जुन्या तटबंद्यांचे दरवाजे बंद कसे होत, हा माझ्या प्रबंधाचा विषय. इस्तंबूल असो वा विजापूर, दारांमागे बहुधा एक जाड लाकडी आगळ असे. उघडताना ती एका भिंतीतल्या लांब खोबणीत ढकलायची. लावताना ओढून समोरच्या आखूड खोबणीत रुतवायची.

शहापूर-मुरबाडच्या सीमेवरील एका गडाचा दरवाजा मी मोजत होते. (नाव मुद्दाम देत नाही.) लाकडाचा मागमूस नाही, फक्त दगडी कमान. भर दुपार. सोबत जवळच्या शेणवे गावचा, सगळेच मामा म्हणत असा एक माणूस... गवंडी, हातावर पोट. टेपचे टोक धरून त्याने आखूड खोबणीत कोपरापर्यंत हात घातला.

"गो, बिळात हात घालाया मामाच गावला तुला?"

"काठी फिरवून पाहिलंय मी. साप नाही."

"मंग तुझाच घाल की! शिकलेला हाय."

हसत मी लांब खोबणीशी वाकून टेप ताणला, आणि खांद्यावर असा घाव बसला की मी दूर फेकले गेले. मामाची किंकाळी... त्याचा हात आत चिरडला होता. दगडावरून रक्त ओघळत होते. दोन भिंतींच्या मध्ये काहीही नव्हते! मी त्याला ओढले. हाडे करकरली, हात सुटेना.

मग मी अभ्यासातून ठाऊक होते तेच केले. कमरेच्या उंचीवर, रिकाम्या हवेत हात टाकले — लाकूड! लांब खोबणीकडे रेटले. कुणीतरी उलट रेटत होते. त्याची धाप माझ्या मानेवर, त्याचे कोपर माझ्या तोंडावर. दात तुटला. मी रक्त थुंकत रेटत राहिले. आगळ सरकली. मामा कोसळला.

शहापूरला त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे काढावी लागली. दगड पडला, असे आम्ही सांगितले. डॉक्टर गेल्यावर मामा हळूच म्हणाला, "तो आपल्याला मारत नव्हता गो. दार लावत व्हता."

"कशावरून?"

"तूच सांगतेस ना, आगळ आतून लावतात? आपन तर आतच व्हतो. मंग भायेर कोन आलं व्हतं?"

मला एवढेच ठाऊक आहे की आम्ही गड उतरलो, तेव्हा आगळ मागे सरकलेलीच होती. मी सरकवलेली.