पुसदच्या दंगलीत तो काय म्हणाला

हे मी इतकी वर्षं सांगायचं टाळलं. बायकोला सांगितलं नाही, मुलांना नाही. कुस्तीचा विषय निघाला की मी चहा मागायचो, नाहीतर चष्मा शोधायला उठायचो. आता मात्र राग आवरत नाही, म्हणून लिहितो.

मागच्या महिन्यात आमच्या गावात नव्या व्यायामशाळेचं उद्घाटन झालं. म्हातारा मास्तर म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं, खांद्यावर शाल टाकली. व्यायामशाळेला नाव कोणाचं द्यायचं, असा प्रश्न निघाला. शेजारच्या बंजारा तांड्यातल्या पोरांनी त्यांच्या जुन्या पैलवानाचं नाव पुढं केलं. तेव्हा एक पाहुणा माईक घेऊन उठला. वयानं पन्नाशीच्या आतला. त्या पैलवानाला त्यानं मातीत कधी पाहिलेलं असणं शक्यच नाही. तरी बोलला, "ताकद होती, कबूल. पण काळीज नव्हतं. पुसदला कुस्त्यांच्या दंगलीत त्यानं स्वतःच्या तोंडानं हार मानली. मोठ्या मैदानात तर तो कधी गेलाच नाही. अशा माणसाचं नाव लावून पोरांनी काय शिकायचं?"

लोकांनी माना डोलावल्या. मी शाल सावरत बसून राहिलो.

काळीज नव्हतं म्हणे! ज्यांनी आयुष्यात अंगाला माती लागू दिली नाही, ते त्याच्या काळजाचं माप काढतात. आणि ज्याला खरं ठाऊक आहे तो शाल घेऊन घरी येतो. त्या पाहुण्यावर मी जेवढा चिडलो, त्याहून जास्त स्वतःवर.

पैलवान कसा होता ते आधी सांगतो. मी त्याला देव करणार नाही. त्याचे पाय जड होते. चपळ गडी समोर आला की सुरुवातीला तो गोंधळायचा. डाव त्याला मोजकेच यायचे, आणि उस्तादाचं ऐकायचा कंटाळा होता. पण एकदा त्याची मगरमिठी बसली की सुटका नव्हती. आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव जाणारा, बाप ज्वारीची पोती वाहणारा. ही ताकद त्याच्याकडे बापजाद्यांकडून आली होती. समोरच्याला चित केल्यावर तो त्याच्या मानेखाली हात घालून उठवायचा, पाठीवरची माती झाडायचा. हे करणारा दुसरा पैलवान मी पाहिला नाही. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्यानंतरच्या त्या चार-पाच वर्षांत उमरखेडपासून केळापूरपर्यंत त्यानं एकही कुस्ती गमावली नव्हती. दंगल भरवणारे त्याचं नाव सगळ्यात शेवटी पुकारायचे, म्हणजे लोक उठून जाणार नाहीत.

त्याच्या तांड्याला लागून आमचं शेत. लहानपणी मी त्यांच्याच पोरांबरोबर गुरं राखली, त्यामुळं मला त्यांची गोरबोली येत होती. आमच्या गावात ती येणारे दोन-तीनच असतील. आम्हाला तिची गरज वाटत नव्हती. आमच्याशी त्यांनी मराठीत बोलावं, एवढंच आम्हाला ठाऊक.

त्या वर्षी पुसदच्या दंगलीत शेवटची कुस्ती ठरली ती त्याची आणि माझ्या मामेभावाची. मामाचा कापसाचा मोठा पसारा होता. भाऊ तूप-बदामावर वाढलेला, उमदा गडी. गावात पैज एकाच गोष्टीची होती. तांड्यातल्या माणसाला आपल्यातलं कोणी आडवं करतं की नाही. मामा आदल्या दिवशी म्हणाला होता, "ह्या वर्षी नाई झालं तं आपून मिशा कायले ठेवाव्या?" सगळे हसले. मीही हसलो.

मी नवा नवा शाळामास्तर झालो होतो. पंच यवतमाळचे, मोठे सज्जन गृहस्थ. त्यांनी मला मदतीला आखाड्याच्या कडेला उभं केलं. "मास्तर, तुम्ही शिकले-सवरलेले. गर्दी मागं ठेवा आन् डोळे उघडे ठेवा," म्हणाले.

कुस्ती बराच वेळ चालली. डफडी वाजवणारे थकून थांबले. शेवटी दोघं आखाड्याच्या माझ्या बाजूच्या कडेला कोसळले. भाऊ वर, पैलवान खाली. धूळ उडाली, गर्दी आत घुसली, पंच पलीकडे अडकले. मी हाताच्या अंतरावर होतो. पैलवानाचा उजवा खांदा मातीला लागला होता. डावा लागला नव्हता, म्हणजे तो चित झालाच नव्हता. त्याच्याखालून पलीकडचा उजेड दिसत होता. मी तो पाहिला. भाऊ त्याला दाबत होता आणि तो खांदा खाली येत नव्हता.

लोक ओरडले, "चित झाला! चित झाला!"

पैलवान खालून ओरडला, "म हारो कोनी! हारो कोनी!"

गोरबोलीत कोनी म्हणजे नाही. मी हरलो नाही, असं तो सांगत होता. जीव कासावीस झाल्यावर माणूस आपल्या आईच्या भाषेत ओरडतो, दुसऱ्याची भाषा शोधत बसत नाही. पण आमच्या लोकांच्या कानाला त्यातला एकच शब्द कळला.

"हारलो म्हणते! सोताच म्हणून राह्यला!"

पंच गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी दोघांना सोडवलं आणि मला विचारलं, "मास्तर, तुम्हाले त्याईची बोली येते ना? काय म्हणते हा?"

मामा समोर उभा होता. माझ्याकडे पाहत होता. खरं सांगायला दोन शब्द पुरे होते. कोणी माझा हात धरला नव्हता, कोणी धमकी दिली नव्हती.

मी म्हणालो, "हारलो म्हणते."

पंचांनी भावाचा हात वर केला. गुलाल उधळला. पैलवान हातवारे करत, आता मराठीत, सांगत होता, "मी असं नाई म्हटलं! साहेब, आयका ना!" त्या गोंगाटात कोण ऐकणार? एकानं त्याच्या डोक्यावर टप्पल मारून म्हटलं, "एकडाव म्हटलं ना पैलवान, आता काहून फिरून राह्यला?" तो उभ्यानंच रडला. एवढा मोठा माणूस, लंगोटावर, चारचौघांत.

तो मोठ्या मैदानात गेला नाही, असं तो पाहुणा म्हणतो. त्याला बोलावलं कोणी? त्यानंतर कोणी त्याची जोड लावीना. "तोंडानं हारणाऱ्याले पाहाले कोन येईन?" असं दंगल भरवणारे तोंडावर म्हणायचे. दोन-तीन वर्षं तो गावोगाव फिरला, माझ्या भावाशी पुन्हा एकदा कुस्ती लावा म्हणून त्यानं हात जोडले. मामानं भावाची कुस्तीच बंद केली. जिंकलेला गडी घरी, हरवलेला दारोदार. मग त्यानं लंगोट सोडला आणि शेती धरली.

पुढं कधीतरी पुसदच्या बाजारात तो दिसला. बैलांसाठी दोर घेत होता. दुकानदारानं खोडी काढली, "घे पैलवान, पक्का हाये. तुह्यासारखा हारलो म्हणून सुटत नाई." आजूबाजूचे हसले. त्याची नजर माझ्यावर पडली आणि चेहरा उजळला.

"मास्तर! बरं भेटले. तुम्हाले तं आमची बोली येते. तुम्ही होते तती. सांगा ना याईले, मी काय म्हटलो होतो?"

म्हणजे पंचांना कोणी सांगितलं, हे त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. इतकी वर्षं तो मलाच आपला साक्षीदार समजत होता.

मी म्हणालो, "जाऊ द्या पैलवान. लय दिवस झाले."

त्यानं दोर खांद्यावर टाकला. "मले नाई झाले," म्हणाला आणि गेला.

व्यायामशाळेच्या पोरांना हा कागद मी उद्या देणार आहे. नाव त्याचं द्या, नाहीतर दुसऱ्याचं द्या. त्याचे पाय जड होते म्हणा, डाव कमी होते म्हणा, ते खरं आहे. पण तो हरला, त्यानं हार मानली, असं पुन्हा कोणी म्हटलं तर माझ्याशी गाठ आहे. पैलवान आता नाही, माझा भाऊही नाही, मामा नाही, पंच नाहीत. खोटं सांगणारा तेवढा उरला आहे.

त्या बाजारानंतर एकदा मी तांड्यावर गेलो होतो. सगळं ठरवून गेलो होतो. त्यानं बाज टाकली, पाणी दिलं, बायकोला चहा ठेवायला सांगितला. तुरीवर अळी पडल्याचं बोलला. मी अळीवरचं औषध सांगितलं, शाळेचं सांगितलं, चहा प्यायलो. तो मला वेशीपर्यंत सोडायला आला. "काही काम होतं का मास्तर?" त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. वाटभर जे तोंडात घोळवत गेलो होतो ते एवढंच होतं: पैलवान, पंचाले खोटं मी सांगतलं. तुमचा खांदा लागला नोता, मी पाहलं होतं. मले माफ करा.