आईने काढलेलं हिरवं बटण

आईला विसरायला होतंय, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. असं ठासून बोलायची मला खोडच आहे.

सोलापुरात आमचं चादरी-टॉवेलांचं दुकान आहे. आई वैरागला एकटी राहते. भावकीत लग्न निघालं की आहेराचे टॉवेल ती आमच्या वेबसाइटवरून मागवायची. फोन कर म्हटलं तर ऐकायची नाही. "पोराकडं काय मागायचं? हितं मी गिऱ्हाईक हाय की," म्हणायची. बारीक अक्षरं तिला चष्म्यातूनही दिसत नाहीत, म्हणून बटणाचा रंग आणि जागा लक्षात ठेवून मोबाइलवर दाबायची.

यंदा मात्र तिच्या ऑर्डरी बिघडल्या. टॉवेलांऐवजी बारा चादरी मागवल्या. पुढच्या लग्नाला नॅपकिन. मग ऑर्डरच येईना. "कुटं दाबायचं त्येच ध्यानात ऱ्हाईना झालंय," एवढंच फोनवर म्हणाली. तिची थोरली बहीण शेवटी स्वतःच्या पोरांनाही ओळखत नव्हती. मी घाबरलो. पण त्याच फोनवर आई कुणी कुणाला काय आहेर केला ते घडाघडा सांगत होती. हे आठवतं आणि एक बटण आठवत नाही? मला काही उमजेना.

रविवारी लॅपटॉप घेऊन वैराग गाठलं. तिच्या उशाशी गोळ्या होत्या, स्मरणशक्तीच्या. मला न सांगता ती डॉक्टरला दाखवून आली होती. मग डब्यातून तिने तीन कागद काढले. त्यांवर नातीच्या खडूंनी मोबाइलच्या पडद्याचं चित्र काढलेलं. पहिल्यावर हिरवं बटण, खाली उजवीकडे. दुसऱ्यावर लाल, वरच्या अंगाला. तिसरा अर्धवट सोडलेला.

दुकानाच्या दर्शनी दांडीवरची चादर दर आठवड्याला बदलायची, नाहीतर माल पडून आहे असं लोकांना वाटतं, ही आमची जुनी रीत. यंदा वेबसाइटही मी तशीच सजवत होतो. टॉवेलांचं पान वेगळं, चादरींचं वेगळं, सणासुदीला पुन्हा सगळं नवं. पण चादर बदलली म्हणून दुकानाचं दार कुणी हलवतं का? हे इतके दिवस मला कसं सुचलं नाही, ते अजूनही कळत नाही.

"आई, बटण मीच हलवत हुतो," मी म्हणालो. मला फार लाज वाटली.

"म्हंजे माजं डोकं…"

"चांगलं हाय गं."

मी तिथेच लॅपटॉप उघडून सगळी पानं पहिल्यासारखी करायला घेतली आणि अडकलो. बटण आधी नेमकं कुठे होतं? उजवीकडेच ना? गर्द हिरवं की पोपटी? काही केल्या आठवेना.

आईने पहिला कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर गोळ्यांचं पाकीट ठेवलं.

"ह्ये बगून कर," ती म्हणाली, "आन् ह्या गोळ्या आता तू घे."