पिशवीतला चापडा

ती कापडी पिशवी आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरी मी मुदतीआधी सोडली. आता सापांविषयी पत्रकं वाटत गावोगाव फिरतो, त्याचं मूळ त्या पिशवीत आहे.

मंद्रूपच्या बाजूला मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका दुपारी निनावी फोन आला. "त्या सर्पमित्राच्या घरात कोठीमागं बघा. साप पाळलाय." दोन पंच घेऊन गेलो. कोठीमागे तोंड बांधलेली पिशवी, आत वळवळ. शेजारीच त्याचं रांगतं लेकरू खेळत होतं. पिशवी न उघडता पंचनामा केला, वनविभागाला कळवलं आणि त्या तरुणाला ठाण्यात आणलं.

"सायेब, मी साप त्याच दिवशी सोडतो. ही पिशवी माझी न्हाय," एवढंच तो सांगत राहिला. वन्यजीव कायद्याचा गुन्हा, म्हणजे तुरुंग. बाहेर त्याची बायको लेकराला कडेवर घेऊन उभी.

तेवढ्यात त्याचा गुरू आला. साप धरायला यानेच त्याला शिकवलेलं. शिष्याला भेटायला आलो म्हणाला, पण नजर खिडकीशी उन्हात ठेवलेल्या पिशवीवर.

"आवो, सावलीत घ्या की! वर पाणी मारा. कोकणातला चापडा हाय त्यो, हितल्या उन्हात मरंल."

ठाणे अंमलदाराचं लिहिणं थांबलं. पिशवी अजून कुणी उघडलीच नव्हती. आम्ही सगळे आत नाग आहे असंच धरून चाललो होतो. दमट झाडीतला तो हिरवा विषारी साप आमच्या कोरड्या मुलखात आपण होऊन येत नाही.

"आत काय आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

तो बाकावर बसला आणि फुटला. "हात धरून शिकिवलं ह्याला. आता समद्या गावाचा फोन ह्यालाच. जत्रंत सत्कार ह्याचा. आन् मलाच इचारत्यात, शिष्याचा नंबर हाय का?"

"आणि ते लेकरू?"

"गाठ पक्की मारली हुती की."

सापाला ऊन लागतं म्हणून याचा जीव तुटत होता, आणि लेकरू एका गाठीच्या भरवशावर! मी तिथेच त्याला अटक केली.

वनरक्षक आला, पण पिशवीला हात लावायला धजेना. शेवटी सुटलेल्या शिष्यानेच ती उघडली. हिरवागार चापडा साप उचलायच्या लोखंडी आकड्यावर अलगद आला. आवारात गर्दी, सगळ्यांचे मोबाईल वर. गुरू कोठडीच्या गजांतून पाहत होता.

"आकडा बघा कसा धरलाय," तो पुटपुटला. "मी शिकिवलंय त्ये. सांगा की लोकास्नी."

कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

हारतुरे आणि फोटो माणसाला कुठवर नेतात, ते मी त्या गजांआड पाहिलं. माझ्या पत्रकाची पहिली ओळ म्हणूनच अशी आहे: साप धरणाऱ्याचा सत्कार करू नका. आणि करायचाच असेल, तर त्याच्या गुरूला आधी बोलवा.