बिनदाराचा संडास

व्हर्लीन टॉलिव्हर मासे कापायच्या करवतीवर कामाला उभी राहायची. मिसिसिपीतल्या त्या सपाट मुलखात कापसाच्या शेतांत आता मासे पाळायची तळी खोदली होती, आणि तळ्यांतले कॅटफिश मासे जिवंतच कारखान्यात यायचे. मासा धरायचा, करवतीला लावायचा. मुंडकं खाली, धड पुढच्या टेबलावर. डाव्या हाताची करंगळी तिने त्याच करवतीला दिली होती. त्या दिवशी मुकादम प्रुइटने तिच्याकडून आधी मासे पुढे नेणारा, रक्ताने माखलेला सरकता पट्टा धुवून घेतला, मग दवाखान्यात जाऊ दिलं.

तिच्या आईने जन्मभर गोऱ्यांचा कापूस वेचला आणि लेकीला शिकवलं की मारलं तरी मान वर करायची नाही. तरुण बायका व्हर्लीनला मानाने 'मिस व्हर्लीन' म्हणायच्या; ती आजी झाली तरी प्रुइट मात्र 'ए पोरी' म्हणायचा. मुकादम सगळे गोरे पुरुष, कापणाऱ्या सगळ्या काळ्या बायका. बायका आत बसून वेळ काढतात म्हणून त्याने त्यांच्या संडासाचं दारच काढून टाकलं होतं. घड्याळ हातात घेऊन तो समोर उभा राहायचा.

"इतकं निरखून बघतोय," शेजारच्या टेबलावरची इर्मा जीन म्हणायची, "घरी बायको जवळ फिरकू देत नसेल मेल्याला."

बायका हसायच्या, आणि सुट्टी होईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत.

लटीशा नवी होती, पोटुशी होती. तिला तहान आवरेना. त्या सकाळी ती आत जाऊन बसते न बसते तोच प्रुइट म्हणाला, "चल, बाहेर."

"थोडं थांबा ना, साहेब."

त्याने तिचे केस धरले आणि तिला बाहेर खेचलं. कपडे गुडघ्यांशी अडकलेले. ती ओल्या फरशीवर पोटावर आपटली.

व्हर्लीनने करवत बंद केली. लटीशाला उठवलं, आत नेऊन बसवलं, आणि तिच्याकडे पाठ करून स्वतः चौकटीत उभी राहिली.

इर्मा जीनने हळूच सुरी पुढे केली. "घे."

"ठेव तुझ्याकडेच. सुरी दिसली की गोळी घालायला मोकळे होतात."

"बाजूला हो, पोरी," प्रुइट म्हणाला. "नोकरी गेली तुझी."

"जाऊ दे. तिचं होऊ दे आधी."

त्याच्या हातात कापताना घालायचा लोखंडी जाळीचा हातमोजा होता. पहिल्या फटक्यात तिचा ओठ फाटला, दुसऱ्यात डोळ्यावरची कातडी सोलली गेली. तिने मान वर केली आणि उघड्या राहिलेल्या डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिली. त्याने हातमोजा टाकला, भिंतीवर टांगलेला लोखंडी आकडा उचलला आणि तिच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

इर्मा जीन टेबल सोडून तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "मला पण हाण. तुझ्यासाठी घरून पावडर लावून आलेय."

त्याने तिचं नाक फोडलं. तोवर माशांची आतडी काढणाऱ्या बायका आल्या होत्या, मागून मासे बर्फात भरणाऱ्या. चौकटीसमोर एकीला एक चिकटून त्या उभ्या राहिल्या. पट्ट्यावर मासे साठत गेले, खाली पडून तडफडू लागले. आणखी दोन मुकादम दांडे घेऊन धावले. बरगड्या, कोपरं, गुडघे. एक बाई खाली बसली की मागची पुढे सरकायची. फरशीवर माशांचं रक्त कुठलं आणि बायकांचं कुठलं, ते कळेनासं झालं.

व्हर्लीनने मागे न वळता विचारलं, "झालं का गं?"

"अजून नाही, मिस व्हर्लीन." आतून रडवेला आवाज आला.

"सावकाश कर," ती म्हणाली, आणि चांगल्या हाताने चौकट घट्ट धरली.